शाळेत जाणारी पोरगी

"हे पोरगी सरकवा वं तिकडं. खरूज लागन आमाले!" अमडापूरच्या बसमध्ये शेजारची अनोळखी बाई नाक मुरडत पुटपुटली. कराकरा हात खाजवणाऱ्या लेकीला सुभद्रानं पोटाशी ओढलं आणि ती उसळली, "खरूज कायची? शाळेत जाते माही पोरगी, रोज आंघोळ करून! मलम तुमच्या जिभेले लावा, बाई."

मागच्या सीटवरच्या वेचणीच्या बाया खो खो हसल्या. दिवसभर बीटीचा कापूस वेचून त्यांचेही हात खाजतच होते, ते त्यांनी हळूच पदराखाली घेतले.

आठ वर्षांच्या चैतालीचं तोंड मात्र एकदम उजळलं.

"खरंच वं आई? मंग उद्यापासून शाळेत जाऊ मी? कापूस वेचाले नाही नेशीन मले?"