लंगड्या मित्राचा आवाज

पडद्यावर इंग्रजी पिक्चरमधला, गावाचा कायदा सांभाळणारा मार्शल एकटाच निघाला होता. गुरं पळवणाऱ्या पाच भावांशी त्याचं जुनं वैर आज मिटणार होतं. दारात बसलेल्या लंगड्या मित्राचे ओठ जरासे हलले.

“तुझ्यासाठी प्राणही देईन रे, दोस्ता!” माइकसमोर सावळारामनानांनी त्याला मराठी आवाज दिला. मित्राचं तोंड केव्हाच मिटलं, नाना आपले बोलतच होते.

“अकरावा टेक, नाना,” काचेपलीकडून डबिंग घेणाऱ्या वनमालाताई म्हणाल्या. “आता नाही बसलं, तर मला दुसरा माणूस बोलवावा लागेल.”

तमाशाचा फड मोडल्यानंतर सोंगाड्या नानांना मिळालेलं हे पहिलंच काम. “बाई, एकदा आवाज बंद करून दाखवा. तोंड राहू द्या, त्याचे पाय बघतो.”

मुक्या पडद्यावर मित्र भिंतीला धरून उठला. टोपी घेतली, मार्शलमागे पायरी उतरला. निघाला होता मरायला, पण शेजाऱ्यानं ओझ्याला हात लावायला बोलवावं आणि उठून जावं, इतक्या सहज.

“घ्या,” नाना म्हणाले. ओठ हलले. नानांनी हळूच म्हटलं, “आलोच.”

वनमालाताईंनी चष्मा पुसला. “तो संवादांचा कागद इकडे द्या, नाना. उरलेला पिक्चर असाच बघून बोला.”