हिरवी खूण

भूकंपानंतर अकरा दिवस हिराशोभा भक्तपूरच्या मैदानात ताडपत्रीखाली काढत होती. ओलीने तिचं दीड महिन्याचं नातवंड खोकून खोकून निळं पडायला लागलं, तेव्हा कुठे घरं तपासणारा इंजिनिअर गल्लीत उगवला. लाल खूण म्हणजे आत जायचं नाही, हिरवी म्हणजे खुशाल राहा. त्याने रस्त्यावरूनच मान वर करून पाहिलं आणि तिच्या घराच्या दारावर हिरवा रंग फासला.

"साहेब, आत हात जाईल एवढी भेग आहे हो!"

"इंजिनिअर तू की मी, दिदी? घर भक्कम आहे. ने बाळाला."

तिने बाळाला वर नेऊन निजवलं आणि खिडकीतून हाक मारली, "साहेब, वर या, चहा टाकलाय!"

तो मागे सरकत पार चौकाच्या मधोमध जाऊन उभा राहिला.



"खालीच आण. आणि जिन्यात पाय आपटू नकोस."