कान झाकायचे नसतात

कापसाच्या बोळ्यावरचा डाग मसुराच्या दाण्याएवढा होता. कडेला तपकिरी, मध्ये अजून लाल. म्हणजे आतली जखम वाळली नव्हती. मॅरनने बोळा टिश्यूत गुंडाळून खिशात टाकला आणि डाव्या कानात नवा बसवला.

कान शनिवारी फुटला होता, सहलीत, ग्रनाडाच्या हॉस्टेलवर, तिच्याच कॉलेजातला तिचा बॉयफ्रेंड ग्रेडी याच्या हाताने. ती एका डॅनिश मुलाच्या विनोदाला हसली, एवढंच निमित्त. अमेरिकेतल्या कॉलेजच्या इथल्या समन्वयक बाईंना तिने सांगितलं की तलावात सूर मारताना लागलं. वॅलेन्सियात ती जिच्या घरी राहत होती, त्या अंपारोलाही तेच.

“मार्चच्या थंडीत तलाव?” अंपारो म्हणाली होती आणि पुढे काही विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून मॅरनच्या उशाशी सकाळी वाटीत कापसाचे ताजे बोळे असत.

खरं सांगायचं, असं मॅरनने रविवारी ठरवलं, सोमवारी ठरवलं, आज दात घासतानाही ठरवलं. स्पॅनिश वाक्य जुळवून, क्रियापदं तपासून तयार होतं. पण ग्रेडीने तिला पुढचं सगळं समजावून ठेवलं होतं. तक्रार झाली की चौकशी, चौकशी झाली की दोघांचीही मिनेसोटाला रवानगी. त्याचा बाप त्याला दुसरं कॉलेज बघून देईल. तिची शिष्यवृत्ती मात्र गेली की गेली.

पालिकेसमोरच्या चौकात मुंगीला वाट नव्हती. दुपारी दोनला फटाके सुटायचे होते. वॅलेन्सियात मार्चमधल्या सणाच्या दिवसांत रोज सुटतात, आणि ते बघायचे नसतात, त्यांचा धडाका अंगावर घ्यायचा असतो. ग्रेडी मॅरनच्या मागे उभा होता, तिच्या खांद्यांवर हात टाकून. अंपारो बाजूला. तो तिला ‘मम्मा’ म्हणायचा. बिअर मागणं आणि आभार मानणं सोडलं, तर त्याला येणारं स्पॅनिश तेवढंच होतं.

“कान झाकायचे नाहीत, तोंड उघडं ठेवायचं,” शेजारच्या म्हाताऱ्याने मॅरनला बजावलं. “नाहीतर कानाचा पडदा जातो. तुम्हा अमेरिकनांना तोंड उघडं ठेवायला शिकवावं लागत नाही म्हणा.”

लोक हसले. मॅरनही हसली. मग मान न वळवता ती इंग्रजीत म्हणाली, “गुरुवारी मी तुझ्याबरोबर नेपल्सला येत नाहीये.”

ग्रेडीने तिच्या केसांवर ओठ टेकवले आणि बार सुटायची वाट पाहिली.

पहिला बार छातीत बसला. मग एकामागून एक, पायांखालची फरशी थरथरेपर्यंत. धुराने सूर्य पिवळा झाला. सगळा चौक तोंडं उघडी टाकून वर बघत होता. आवाज शिगेला पोचला तेव्हा ग्रेडीचा उजवा हात तिच्या गळ्याभोवती आवळला गेला. त्याने डाव्या हाताने तिच्या कानातला कापूस उपटला आणि तिथेच तळहात हाणला. असा हात सपाट बसला की कानातल्या हवेला जायला जागा राहत नाही. हात पुन्हा बसला. पुन्हा. मॅरन किंचाळली. तिची किंचाळी तिला स्वतःलाही ऐकू आली नाही. कोणी पाहिलं असतं, तर त्याला मिठीच दिसली असती.

शेवटचा बार झाला. टाळ्या पडल्या, शिट्ट्या वाजल्या. ग्रेडीही टाळ्या वाजवत होता. मॅरनच्या जबड्यावरून काहीतरी कोमट ओघळलं आणि कॉलरवर थांबलं.

अंपारो तिच्याकडेच बघत होती. जन्मभर हे बार अंगावर घेतलेल्या बाईला वर बघायची गरज नव्हती. तिने पिशवीतून रुमाल काढला, मॅरनच्या कानाला लावला आणि तिचा हात धरून त्यावर दाबून ठेवला.

“पोरी,” ती म्हणाली, “तो तलाव कुठला, ते सांग आता.”

“काय म्हणतेय मम्मा?” ग्रेडीने हसत विचारलं.

बार संपल्यावर थोडा वेळ चौकात सगळेच ओरडून बोलतात, कारण कुणालाच नीट ऐकू येत नसतं. मॅरनचा आवाजही तसाच निघाला. म्हाताऱ्याने मान वळवली. दोन पोरी सेल्फी काढता काढता थांबल्या. एवढ्या लांबलचक स्पॅनिश बोलण्यात ग्रेडीला कळला तो ‘पोलीस’ हा एकच शब्द.

“तलाव नव्हताच,” मॅरन म्हणाली. “यानेच मारलं. तेव्हाही आणि आत्ताही. मला पोलिसांकडे जायचंय, अंपारो. आत्ताच. मिनेसोटाला परत पाठवलं तरी चालेल.”