आमेनच्या आधी

“सुरुवातीची प्रार्थना आज रूथबाईंनी करावी,” अध्यक्ष शांतवनसाहेब म्हणाले आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या.

आमच्या लूथरन चर्चच्या शाळेच्या व्यवस्थापन मंडळावर निवडून आल्यापासून माझ्या वाट्याला एवढंच काम यायचं. मुलींच्या संडासाला आतून कडी नाही, सातवीच्या वर्गाचं छप्पर गळतं, असं काही बोलायला तोंड उघडलं की शांतवनसाहेब हात वर करायचे. “पुढच्या बैठकीत बघू.” पण प्रार्थना चालू असताना कुणाला अडवायची आमच्यात पद्धत नाही, हे त्या दिवशी एकदम माझ्या ध्यानात आलं.

मी डोळे मिटले. “हे स्वर्गीय बापा, एक मुलगी आत गेली की दुसरी बाहेर दार धरून उभी राहते, हे तू पाहतोसच. आमच्या अध्यक्षांची नातही तिथंच उभी असते. त्यांचं मन मोठं कर. याच आठवड्यात सुतार पाठव. आणि कडी पितळी असू दे, बापा, लोखंडी गंजते.”

शांतवनसाहेब खाकरले. मी आवाज चढवला.

“हे सर्व आम्ही येशूच्या नावाने मागतो.”

“आमेन!” सगळे एका सुरात म्हणाले. सवयीने शांतवनसाहेबही.

“सर्वानुमते मंजूर,” आमच्या चर्चचे पाळकसाहेब मंडळाच्या चिटणिसांना म्हणाले. “घ्या लिहून.”

कडी त्याच आठवड्यात बसली. पितळी.

पुढच्या बैठकीत मी डोळे मिटायच्या आतच शांतवनसाहेब घाईघाईने उठले. “आज प्रार्थना मी करतो. रूथबाई, तुम्ही बसा. छपराचं मंजूर आहे!”