चालू करून दाखवा

"चालू करून दाखवा," दाणीसाहेब म्हणाले, अन् मुख्तार मिस्त्री हातातल्या फडक्यानं बॉनेट पुन्हा पुसू लागला.

चालू करायला गाडीत इंजिनच नव्हतं.

गाडी बाबारावांची. पितळी भोंग्याची जुनी फोर्ड, दारव्ह्यात आलेली पहिली मोटार. बाबाराव कापसाची जिनिंग विकून नागपूरला पोराकडे राहायला गेले, तेव्हा मुख्तारच्या अंगणात ठेवून गेले होते. "सांभाळ," एवढंच बोलले. मुख्तारनं सांभाळलीही. मग त्याचा मेहुणा वारला आणि बहीण आयशाबी दोन पोरी घेऊन माहेरी आली. मुख्तारनं फोर्डचं इंजिन काढलं, भिंतीपलीकडच्या खोलीत बसवलं, पट्टा चढवला आणि पिठाची गिरणी सुरू करून दिली. वीज अजून मोहल्ल्यात आली नव्हती. गिरणी अशी चालली, की आयशाबीनं पुन्हा कोणापुढं हात पसरला नाही. फक्त बाबारावांना विचारायचं तेवढं राहून गेलं. आज विचारू, उद्या विचारू, करता करता चौसष्ट साल उजाडलं आणि बाबारावांनी गाडी या दाणीसाहेबांना, नागपूरच्या शौकीन माणसाला, देऊन टाकली. साहेबाला असल्या जुन्या मोटारी दुरुस्त करून पळवायचा नाद. आज तो ट्रक घेऊनच आला होता.

इंजिन गेलं तर गिरणी गेली. वर चोरीचा ठपका.

पण मुख्तार म्हणजे मुख्तार. त्यानं एकदा जमादाराला त्याचीच जुनी सायकल रंग देऊन परत विकली होती. साहेब येणार म्हणून त्यानं सकाळपासून गिरणी बंद ठेवली होती अन् आयशाबीला पढवून ठेवलं होतं. भोंगा दोनदा वाजला की चालू, एकदा वाजला की बंद.

त्यानं बाह्या सरसावल्या. गाडीच्या तोंडात हँडल घातलं. ते रिकाम्या रहाटासारखं गरगर फिरलं, तरी मुख्तार डोंगर ढकलल्यासारखा कण्हला. मग हँडल उपसून घेऊन पळत जाऊन सीटवर बसला.

पों पों.

भिंतीपलीकडं भडभड सुरू झाली. भिंत हादरली. गाडी मात्र जागची हलेना, म्हणून मुख्तार स्वतःच सीटवर हलू लागला.

दाणीसाहेबांनी डोळे मिटले. तोंड गाडीकडे नव्हतं, भिंतीकडे होतं.

"रोज चालते?"

"रोज, सायेब. दोन्ही टाईम." मुख्तारच्या तोंडून निघूनच गेलं.

"कधी बंद नाही पडली?"

"एकदा बी नाई. तेल-पाणी मी माह्या हातानं पाह्यतो."

"आलो तेव्हा सगळं चूप होतं, मला घोर लागला होता. बरं, करा बंद."

पों. भडभड थांबली नाही. मुख्तारनं पुन्हा दाबला. पों. मग घाईघाईनं, पों पों पों.

"भाईजान!" भिंतीवरून आयशाबीचा आवाज आला. "कायले पों पों करून राह्यले? धुरपताबाई सकाळपासून डबा घेऊन बसली हाय! तिची जवारी दळल्याबिगर मी बंद नाई करत!"

मुख्तार खाली उतरला. गाडीत कोणी नाही, हँडल त्याच्या हातात, अन् भडभड चालूच.

"जुनं इंजिन हाय सायेब," तो घाम पुसत म्हणाला, "थांबाले वेळ लागते."

दाणीसाहेबांनी बॉनेट उचललं. आत पांढरे कांदे पसरले होते. चांगले वाळलेले, एकसारखे.

"कांदे?"

"थंड असते सायेब. गाडी तापत नाई."

साहेब हसले नाहीत. तिथं मुख्तारची सगळी हुशारी संपली. त्यानं हात जोडले.

"गाडीचा नट न् नट घेऊन जा, सायेब. मले पोलिसात द्या. पण ते इंजिन राहू द्या. माह्या बहिणीचं घर चालते त्याच्यावर. अन् बाबारावले सांगू नका. लय इमानानं ठेवून गेलते ते गाडी माह्यापाशी."

साहेबांनी एक कांदा उचलला, उलटापालटा करून पाहिला, परत जागेवर ठेवला.

"बाबारावांना काय सांगू? मागं पुसदला लग्नाला जात होते ते. एसटी इथं स्टँडवर थांबली अन् त्यांनी हा आवाज ऐकला. इतकी वर्षं जिच्यात बूड टेकवलं त्या गाडीचा आवाज माणूस विसरतो का? कुठून येतो, म्हणून चहावाल्याला विचारलं. त्यानं सांगितलं, आयशाबीच्या गिरणीतून. जाऊन एसटीत बसले."

मुख्तार गाडीच्या पायरीवर मटकन बसला.

"बाप्पा!" तो म्हणाला. "म्हंजे त्यायले मालूम होतं?"

भिंतीपलीकडं धुरपताबाईची जवारी दळून झाली. भडभड थांबली. आयशाबी पदरानं तोंडावरचं पीठ पुसत दारात आली, अन् दोघांकडं पाहत तिथंच थबकली.

"गाडी देताना त्यांनी एकच अट घातली," दाणीसाहेब आता हसत होते. "म्हणाले, 'गिरणीतलं इंजिन चालत असलं तर त्याला हात लावायचा नाही. बंद पडलं असलं तर आधी तिथं दुसरं बसवून द्यायचं, मग माझी गाडी न्यायची.' म्हणून तर म्हटलं मिस्त्री, चालू करून दाखवा."