निळा ठिपका

ठिपका पुन्हा बागेत जाऊन थांबला.

गोदामाच्या सुपरवायझरने आपल्या फोनवरचा नकाशा दोन बोटांनी मोठा केला. बायकोचा शिवणक्लास केव्हाच सुटला होता आणि ती अजून बागेतच. गेले कित्येक दिवस हेच चाललं होतं. बागेत जाते असं घरी कधी बोलली नव्हती. कुणाबरोबर बसत असेल? त्याचं कामात लक्ष लागेना.

बायकोचा फोन त्यानेच घेऊन दिलेला, लग्न झाल्या झाल्या. मधल्या किमतीचा, पण तेव्हा अगदी नवा कोरा. ती कुठे आहे ते आपल्याला दिसत राहावं, ही सोय त्याने पहिल्याच दिवशी करून ठेवली होती. काळजीपोटी, दुसरं काय. तिलाही ते ठाऊक होतं. आता फोन पार थकला होता. काचेला तडा, मेमरी गच्च भरलेली आणि दुपार झाली की बॅटरी मान टाकायची. ठिपका दिसेनासा झाला की याचा जीव टांगणीला लागायचा. शेवटी त्याने बॅटरी बदलून आणली आणि तेव्हाच ही बाग उजेडात आली.

त्याने तिला फोन लावला. वाजत राहिला, उचलला नाही.

संध्याकाळी विचारलं, तर भाजी चिरता चिरता ती म्हणाली, "हँग होतो हो तो. हिरवं बटण सरकतच नाही."

"मग नवा घेऊ."

"नको. हाताला सवय झालीय याची."

"राहू दे की जुना," आई म्हणाली. ती कोपऱ्यात गुडघे शेकत बसली होती. "चालतोय तोवर चालवायचा."

"तू दिवसभर घरात असतेस, तरी तुझे गुडघे कसे दुखतात गं?" तो तिच्यावर उखडला. राग बायकोचा, निघाला आईवर.

दुसऱ्या दिवशी त्याने दुपारनंतरची रजा टाकली आणि रिक्षात बसून ठिपक्यावर नजर ठेवली. ठिपका क्लासपाशी रेंगाळला, मग रमतगमत बागेकडे वळला. किती सावकाश चाललीय बघा, घरी जायची घाईच नाही बाईला. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

बागेच्या फाटकाशी तो उतरला. आज सोक्षमोक्ष लावायचाच, तो जो कोणी असेल त्यालाही सोडायचं नाही. त्याने फोन लावला. झुडपांमागच्या बाकावरून बायकोची रिंगटोन ऐकू आली. दबक्या पावलांनी तो वळसा घालून पुढे गेला.

बाकावर आई बसली होती. एकटीच. फोन तिच्या मांडीवर वाजत होता.

"आई? तू इथे? ती कुठंय?"

"ती रोज नोकरी शोधत हिंडायची, तोवर फोन मी फिरवायचे," आई शांतपणे म्हणाली. "मिळाली तिला, दुसऱ्या गावात. सकाळी तू कामावर गेलास आणि मी तिला गाडीत बसवून दिलं."

त्याने आपला कॉल कापला.

"हा घे तुझा फोन," आई उठत म्हणाली. "हा द्यायचा होता म्हणून मी मागे राहिले. माझी गाडी संध्याकाळची आहे."