उशाजवळचा फोन

“निखिल, आर यू देअर?” लॅपटॉपमधून गणिताच्या मॅडमनी तिसऱ्यांदा विचारलं.

निखिल तिथेच होता. वहीवर गाल टेकून गाढ झोपलेला.

वंदनाने घाईने ‘नेट गेलं होतं’ असं टाइप केलं आणि त्याला हलवलं. “दहावी आहे रे राजा. उद्या शाळा उघडली तर उठणार कसा?”

“उघडू तर दे,” तो डोळे न उघडताच म्हणाला.

लॉकडाऊन लागला आणि पोराच्या दिवसाची रात्र झाली. डोळ्यांखाली काळं आलं, जेवणावरची वासना गेली. परवा कचरा टाकायला ती खाली गेली तर वॉचमनही म्हणाला, “मॅडम, बाबू सोता नइं क्या? रातभर खिडकी में उजाला रहता उसके.” हिमायतनगरच्या त्या अख्ख्या गल्लीला ठाऊक झालं होतं म्हणायचं.

आणि गेल्या आठवड्यात तिने दाराआडून ऐकलं होतं. “आहे ना मी. कुठं जातोय? झोप तू.” इतक्या मऊ आवाजात तो घरात कुणाशीच बोलत नसे.

“मुलगी आहे,” ती नवऱ्याला म्हणाली.

“असू दे की,” प्रकाश म्हणाला. “बाहेर पोलीस उभे आहेत. भेटणार थोडेच?”

“तुला थट्टा सुचते. पोराची रया गेली.”

रोज नाश्त्याच्या वेळी पुण्याला सासऱ्यांना व्हिडिओ कॉल असे. सासूबाई जानेवारीत गेल्या. आप्पांना इकडे आणायचं ठरलं आणि रस्तेच बंद झाले. सुरुवातीला जीव नुसता टांगणीला होता. आप्पांचा चेहरा ओढलेला, बोलता बोलता हरवायचे. मग एप्रिलच्या सुमाराला ते एकदम सावरले.

“झोप लागते ना, आप्पा?”

“अगदी छान. दिवा मालवला की सकाळीच जाग.”

“ऐकलंस?” वंदना निखिलकडे वळली. “आप्पांना एकट्याने जमतं. तुला काय धाड भरलीय?”

निखिलने पोह्यांतली मिरची बाजूला काढली. “आप्पा, बीपीची गोळी घेतलीस तू?” तो एवढंच बोलला.

“आप्पा, तुम्हीच सांगा ह्याला. तुमचं ऐकतो. रात्रभर फोनला चिकटलेला असतो.”

पलीकडे आप्पांनी चष्मा काढून पुसला.

“वंदना,” आप्पा म्हणाले, “रागावू नकोस त्याला. गुणी आहे पोर.”

“तुमच्या लाडानेच डोक्यावर बसलाय,” ती हसून म्हणाली.

त्या रात्री जेवणं आटोपल्यावर ती त्याच्या दारात जाऊन उभी राहिली. निखिल नुकताच पलंगावर आडवा झाला होता, फोन उशाजवळ.

“दे इकडे.”

“आज नको, आई. आज सांगून ठेवतो, उद्यापासून घे.”

“कुणाला सांगून ठेवतोस?”

त्याने फोन छातीशी धरला.

“नाव तरी सांग. नाही रागावणार मी.”

“शब्द दिलाय. नाही सांगता येणार.”

वंदनाने हात पुढे केला. चार दिवस रडेल, पण झोपेल तरी. निखिलने फोन तिच्या तळव्यावर ठेवला. त्याचे डोळे भरून आले होते.

“बंद तेवढा करू नकोस,” तो म्हणाला. “प्लीज.”

स्वयंपाकघरात येऊन तिने दार लोटलं. फोन हातात कोमट लागत होता, निखिलने लावलेला कॉल अजून वाजतच होता. बोलायचं काय ते तिने मनाशी जुळवून ठेवलं होतं. हे बघ बाळ, मी निखिलची आई. तुमची दोघांचीही परीक्षा आहे ना? स्क्रीनकडे न बघताच तिने फोन कानाला लावला.

“आलास का रे?” आप्पांनी विचारलं. “मग मालवतो दिवा.”